सव्वीस दिवसांचा महिना

एमबीएच्या प्रवेशासाठी मुलाखत घेताना 'एचआरच का?' असं विचारलं, की बहुतेक मुलं एकच उत्तर देतात: 'मला माणसांशी बोलायला आवडतं.' उत्तर खोटं नसतं. पण वर्गात बसल्यावर त्यांच्या हातात येतो कॅल्क्युलेटर, आणि पुढ्यात कायद्यांची चळत. पहिलं वर्ष तर बहुतेक विद्यापीठांत सगळ्यांचं सारखंच जातं: हिशेब, संख्याशास्त्र, मार्केटिंग, अर्थशास्त्र. एचआर वेगळं काढून शिकायचं ते साधारण त्यानंतर. हा विषय आतून कसा असतो हे समजून घ्यायचं, तर घरातल्या कुणाची तरी पगाराची स्लिप मागून घ्यावी. निम्मा अभ्यासक्रम त्या कागदावर छापलेला असतो.

सगळ्यात छोट्या आकड्यापासून सुरुवात करू. व्यवसाय कर. महाराष्ट्रात ठरावीक पगाराच्या वर दरमहा 200 रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत 300. फेब्रुवारीवर हा राग का? राज्यघटनेच्या 276 व्या कलमानं या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे 2,200; उरलेले तीनशे एका महिन्यात. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला 'माझे शंभर रुपये जास्त का कापले?' असं विचारत लोक एचआरच्या टेबलाशी येतात. त्यांना राज्यघटनेपर्यंत नेऊन आणणं हेही या नोकरीतलंच काम.

पुढची ओळ भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची. कर्मचाऱ्याचे 12 टक्के, मालकाचेही 12 टक्के. पण मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात (तेही 15,000 रुपयांच्या पगारापर्यंतच) आणि उरलेले पीएफच्या खात्यात. 'दोघांचे सारखे भरले, मग पासबुकात सारखे का दिसत नाहीत?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आणि मग स्लिपवर न दिसणारी, पण तिच्यावरूनच निघणारी ग्रॅच्युइटी. सूत्र सोपं: शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. तो 26,000 असेल आणि नोकरी दहा वर्षांची, तर दीड लाख. विद्यार्थी सूत्र पाठ करतात आणि पुढे सरकतात. खरं तर थांबायचं ते 26 वर. महिना तीस दिवसांचा, मग सव्वीस कुठून आले? चार रविवार वजा केले म्हणून. रोजचा पगार काढायचा तो कामाच्या दिवसांवर. तीसनं भागलं असतं तर याच माणसाला 1,30,000 मिळाले असते. म्हणजे ते चार रविवार इथे वीस हजारांचे ठरतात.

तो रविवारही आपोआप आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारोंच्या सह्यांचे अर्ज धाडले. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. जोतीराव फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी एचआरच्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच भेटतो. तिथे त्याऐवजी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग असतात: दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं. तेही शिकायला हवंच. पण परळ-लालबागच्या पोरांना हॉथॉर्न ठाऊक असावं आणि लोखंडे नसावेत, हे मला चमत्कारिक वाटतं.

आपल्याकडे हा विषय जन्मला तोही गिरणगावाच्या आसपासच. 1936 मध्ये नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण देणारी एक संस्था सुरू झाली. तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथली एचआरची पदवी बरीच वर्षं एमबीए नव्हती, एमए होती. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, आणि या शिक्षणाला नोकरी मिळाली. कँटीन, पाळणाघर, तक्रारी हे त्याचं क्षेत्र. मग पाटी बदलत गेली: कल्याण अधिकारी, पर्सोनेल मॅनेजर, एचआर मॅनेजर. पाटीबरोबर खुर्चीही कारखान्याच्या फाटकाजवळून उठून मालकाच्या केबिनीकडे सरकली, असं जुने युनियनवाले म्हणतात. ते अगदीच चूक नाहीत.

सध्या वर्गात सगळ्यात जास्त खल होतो तो नव्या चार श्रम संहितांवर. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या आणि प्राध्यापकांच्या पिवळ्या पडलेल्या टिपणवह्या एका दिवसात जुन्या झाल्या. वेतनाच्या व्याख्येचं एकच उदाहरण घेऊ. समजा महिन्याला 40,000 मिळतात. त्यातलं मूळ वेतन 12,000 आणि बाकीचे 28,000 वेगवेगळे भत्ते. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवायचं, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीही कमी, ही जुनी युक्ती. आता वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. इथे निम्मे म्हणजे 20,000. भत्ते 8,000 नं जास्त. म्हणून वेतन झालं 20,000. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी 12,000 वर मोजली तर 69 हजारांच्या आसपास येते, 20,000 वर 1 लाख 15 हजारांच्या पुढे. पीएफ मात्र सक्तीचा 15,000 पर्यंतच, त्यामुळे 1,440 चे 1,800 होतात. हातात येणारी रक्कम या फरकाहून फारशी घटत नाही. एवढा हिशेब फळ्यावर मांडला, की वर्गातली पेंग उडते.

भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन हे भाग वाचून समजतात. खात्यांतर्गत चौकशी मात्र करूनच पाहावी लागते. चांगले शिक्षक ती वर्गातच मांडतात. एकजण कामगार, एक त्याच्या बाजूनं बोलणारा सहकारी, एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक चौकशी अधिकारी. आरोप: रात्रपाळीत मशीनवर झोपला. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा नेमकी हवी. उत्तर द्यायला वेळ द्यायला हवा. साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ द्यायला हवी. आणि ज्यानं पकडलं त्यानंच निवाडा करायचा नाही. पहिल्यांदा उभी राहणारी मुलं हमखास एक चूक करतात. चौकशी अधिकारी झालेला विद्यार्थी पहिलाच प्रश्न विचारतो, 'तू का झोपलास?' म्हणजे आरोप सिद्ध धरूनच सुरुवात. अशी चौकशी खऱ्या कामगार न्यायालयात टिकत नाही, मग माणूस खरोखरच झोपलेला का असेना.

यानंतर येतो उन्हाळ्यातला प्रकल्प, साधारण दोन महिन्यांचा. आवडता विषय: लोक नोकरी का सोडतात? समजा चाकणच्या एखाद्या कारखान्यात विद्यार्थिनीला जुने राजीनाम्याचे फॉर्म मिळाले. प्रत्येकावर कारण तेच: 'चांगली संधी'. तिनं टाइम ऑफिसमधून हजेरीपट मागून घेतले आणि राजीनामे पाळीनुसार लावून पाहिले. बरेचसे दुसऱ्या पाळीचे निघाले. सोडून गेलेल्या चौघांना तिनं फोन केला. तिघांनी सांगितलं, रात्री सुटल्यावर कंपनीची बस हायवेलाच सोडायची, तिथून पुढे अंधारात दोन किलोमीटर चालत. फॉर्मवर बससाठी रकानाच नव्हता. आता तिला अहवालाच्या दोन प्रती काढायच्या आहेत, एक कॉलेजला आणि एक त्याच कंपनीला, जिथं तिला पुढे नोकरी हवी आहे.