जुनी मोटरहोम, दूरचा विक्रेता : गाडी कशी पारखली?

फिरत्या दवाखान्यासाठी आपण बंगळूरहून एक वापरलेली मोटरहोम घेतली, हे कळल्यावर काही हितचिंतकांनी विचारले, “सहलीची जुनी गाडी कशाला? आणि हजार किलोमीटरवरची गाडी न पाहता घेतलीत कशी?” संस्थेची वाहनव्यवस्था माझ्याकडे असल्याने उत्तर द्यायचे काम माझेच. पाड्यांवर काम करणाऱ्या इतर संस्थांनाही ही माहिती उपयोगी पडावी.

धडगावच्या बाजूला आपली तपासणी अंगणवाडीच्या ओट्यावर नाहीतर झाडाखाली चालते. ताप-खोकला तिथे पाहता येतो. गरोदर बाईला मात्र उघड्यावर तपासता येत नाही. चार लोक बसलेले पाहून ती काही न सांगता माघारी जाते. मोटरहोममध्ये बंद खोली असते, झोपायला बाक असतो, डॉक्टरताईंना उभे राहून काम करता येईल इतकी उंची असते. बेसिन, पाण्याची टाकी आणि इंजिन बंद असतानाही दिवे-पंखा चालवणारी वेगळी बॅटरी असते. नव्या गाडीत हे सगळे बसवायचे तर आपल्या आवाक्याबाहेर. म्हणून जुनी घ्यायची, पण पैसा देणगीदारांचा आहे हे लक्षात ठेवून.

नियम एकच ठेवला. विक्रेता सांगतो तो पुरावा नाही. ज्याला विक्रीत रस नाही असा कागद, काटा किंवा माणूस सांगेल तेवढेच धरायचे.

आधी कागद

गाडीचा नंबर घालून ‘एमपरिवहन’ ॲपवर नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. कर्ज फिटले असे विक्रेता म्हणाला तरी बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. थकलेले ई-चलनही तिथेच तपासावे. त्यानंतर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा मागवावा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवावा.

मोटरहोमबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पुष्कळ गाड्या मुळात प्रवासी व्हॅन असतात आणि नंतर आत पलंग, ओटा बसवलेला असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे अशा बदलाला परवानगी लागते आणि त्याची नोंद आरसीवर असावी लागते. एका गाडीत ओटा होता, पलंग होता. आरसीवर मात्र साधी प्रवासी व्हॅनच होती. ती आम्ही सोडली. दवाखान्यासाठी आपण जे बदल करणार, त्यांबद्दलही आरटीओत आधीच विचारून घेतले.

व्हिडिओत काय मागावे?

धुऊन-पुसून काढलेले फोटो काही उपयोगाचे नाहीत. सकाळी, रात्रभर बंद असलेली गाडी सुरू करतानाचा न थांबवलेला व्हिडिओ मागावा. गरम इंजिन बरेच दोष झाकते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्यावी. ऑइलचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. आत दुधी चिकटा दिसला तर कसून तपासणी हवी.

टायरवरचे शेवटचे चार आकडेही मागावेत. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. मोटरहोम महिनोन्महिने उभी असते. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वयाने कडक होऊन तडकलेले असते.

माणूस पाठवावाच

वास व्हिडिओत येत नाही, आणि मोटरहोमचा सगळ्यात मोठा शत्रू इंजिनात नसतो, छपरात असतो. खिडकी, पंखा, सोलर पट्टी यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि आतले प्लायवूड कुजते. म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेला तिथला मेकॅनिक फी देऊन पाठवला. त्याला यादी दिली : छपरावर अर्धा तास पाण्याचा पाइप सोडा, मग आतले कोपरे बोटाने दाबून पाहा. गादी उचलून वास घ्या. गाडीखाली शिरून चेसिसचा गंज पाहा. टाकी भरून पंप चालवा. दुसरी बॅटरी चार्जरवरून काढून काही तासांनी मोजा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते.

दुसऱ्या एका गाडीचा ताजा रंग फोटोत फार छान दिसत होता. मेकॅनिकचे बोट मागच्या कोपऱ्यात सहज आत गेले. तिसऱ्या विक्रेत्याने मेकॅनिकला गाडीजवळ येऊच दिले नाही. तिथे बोलणे संपले.

घाटाचा हिशेब

सपाट हमरस्त्यावर चालणारी गाडी सातपुड्याच्या वळणांवर चालेलच असे नाही. मागच्या चाकापासून शेपटापर्यंतचे अंतर जास्त असेल तर चढाच्या तोंडाशी गाडीची शेपटी घासते. ते अंतर आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून मागवली. रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घेतली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात औषधे, उपकरणे आणि पाच माणसे मिळवली. एकूण वजन आरसीवरील कमाल वजनाच्या आत बसते का, ते कागदावर मांडून पाहिले. चौथी गाडी बसली.

पैसे आणि ताबा

टोकन रक्कम आरसीवरील मालकाच्याच खात्यात, लेखी पावतीवर दिली. मूळ आरटीओकडून नंदुरबारच्या नावे फॉर्म 28 ची एनओसी निघाली. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. त्यानंतरच उरलेली रक्कम दिली. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा लागतो. राज्य बदलल्याने इथे रस्ता कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो, तो खर्च किमतीतच धरावा. गाडी आणायला आपला चालक मेकॅनिकसोबत गेला, शहराबाहेरच्या चढावर तासभर चालवून पाहिली आणि मगच ताबा घेतला.

सध्या नोंदणीचे काम चालू आहे. ते झाले की डांबरी रस्त्याच्या पाड्यांपासून सुरुवात करू. पावसाळ्यात कच्च्या वाटेवर ही गाडी न्यायची नाही, असे ठरले आहे. तिथे आरोग्यसेविका पूर्वीसारख्याच पायी जातील आणि तपासणीची गरज असलेल्या बाईला रस्त्यापर्यंत घेऊन येतील. तिथे तिच्यासाठी दार लावून घेता येईल अशी खोली उभी असेल.