ख्रिस्तपुराणातील भविष्यकथन आणि वचनपूर्ती

ख्रिस्तपुराण हे जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स (सुमारे १५४९–१६१९) यांनी रचलेले ओवीबद्ध मराठी महाकाव्य होय. ते १६१६ मध्ये गोव्यातील राशोल (रायतूर) येथे प्रथम छापले गेले. बायबलमधील जुन्या व नव्या कराराचे कथन करणारा हा ग्रंथ ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत विभागलेला आहे. पहिल्या भागात परमेश्वराने मनुष्यजातीला दिलेली वचने व त्यांची प्रतीक्षा येते, तर दुसऱ्या भागात येशू ख्रिस्ताच्या चरित्रातून त्या वचनांची पूर्ती दाखविली जाते. वचन आणि पूर्ती हा ख्रिस्ती धर्मविचाराचा कणा आहे. मराठी भाषेत त्याची विस्तृत काव्यमय मांडणी करणारा हा पहिला मोठा ग्रंथ मानला जातो.

संकल्पना

बायबलमधील भविष्यकथन आणि ज्योतिषातील भाकीत यांत मूलभूत फरक आहे. ज्योतिषी ग्रहस्थितीवरून घटनांचा अंदाज बांधतो. बायबलमधील संदेष्टा परमेश्वराचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवितो. त्या निरोपात भविष्याइतकेच वर्तमानालाही स्थान असते. राजाचा अन्याय, श्रीमंतांनी केलेली गरिबांची नागवणूक, मूर्तिपूजा, पोकळ कर्मकांड यांचा निषेध करणे हे संदेष्ट्यांचे मुख्य काम होते. मराठी बायबलमध्ये त्यांच्यासाठी रूढ झालेला ‘संदेष्टा’ हा शब्द या अर्थाला जवळचा आहे.

या भविष्यकथनाचा आधार म्हणजे करार. परमेश्वराने मनुष्याशी नाते जोडले, वचन दिले आणि ते वचन तो मोडणार नाही, ही श्रद्धा दोन्ही करारांत पायाभूत आहे. त्यामुळे ख्रिस्ती दृष्टीने भविष्यवचनाची पूर्ती म्हणजे केवळ एखादे भाकीत खरे ठरणे नव्हे. वचन देणाऱ्याचे सत्यत्व त्यातून सिद्ध होते.

जुन्या करारातील वचने

ख्रिस्ती परंपरा पहिले वचन उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात पाहते. आदाम व हव्वा यांनी आज्ञाभंग केल्यानंतर, स्त्रीची संतती सर्पाचे डोके ठेचील असे परमेश्वर सांगतो. शिक्षेच्या प्रसंगातच सुटकेचे आश्वासन मिळते, म्हणून या वचनाला ‘आद्य शुभवर्तमान’ असेही म्हटले जाते.

त्यानंतर अब्राहामाला वचन मिळते की त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. हे वचन एका कुटुंबाला दिलेले असले तरी त्याचा आवाका सर्व मानवजातीचा आहे. पुढे याकोब आपला पुत्र यहूदा याच्या वंशातून राजदंड जाणार नाही असे सांगतो. मोशे आपल्यासारखा संदेष्टा उत्पन्न होईल असे सांगतो. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याच्या मुखातून त्याचे सिंहासन कायमचे स्थापिले जाईल असे आश्वासन मिळते.

राज्य खिळखिळे होऊ लागले आणि पुढे बाबेलच्या बंदिवासाची वेळ आली, त्या काळात ही वचने अधिक खोल होत गेली. यशया बालकाच्या जन्माविषयी आणि दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयी बोलतो. मीखा बेथलेहेम या लहानशा गावाचे नाव घेतो. यिर्मया दगडी पाट्यांऐवजी अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराची घोषणा करतो. जखऱ्या गाढवावर बसून येणाऱ्या नम्र राजाचे चित्र रेखाटतो. वैभव हरपलेल्या लोकांना वैभवशाली राजाऐवजी नम्र राजाचे आश्वासन मिळावे, हे या परंपरेचे वैशिष्ट्य आहे.

नव्या करारातील पूर्ती

नव्या करारात मत्तयकृत शुभवर्तमान ही पूर्ती सर्वांत ठळकपणे मांडते. येशूच्या वंशावळीची सुरुवातच दावीद व अब्राहाम यांच्या नावांनी होते, आणि संदेष्ट्यांच्या द्वारे सांगितलेले पूर्ण व्हावे म्हणून हे घडले, असा निर्वाळा मत्तय वारंवार देतो. लूककृत शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या ग्रंथातील उतारा वाचतो आणि तो आज पूर्ण झाला आहे असे सांगतो. त्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस अम्माऊस गावच्या वाटेवर पुनरुत्थित येशू दोन निराश शिष्यांना मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंतची वचने उलगडून दाखवितो. ख्रिस्ती वाचनपद्धतीचे मूळ या प्रसंगात आहे. आधी घटना अनुभवास येते, मग जुनी वचने नव्या प्रकाशात वाचली जातात.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात परमेश्वराची सारी वचने ख्रिस्तामध्ये ‘होय’ ठरतात असे प्रतिपादन केले आहे. इब्री लोकांस पत्र मात्र आणखी एक बाजू मांडते. अब्राहामादी पूर्वज वचनपूर्ती पाहण्यापूर्वीच मरण पावले, तरी त्यांनी ती दुरून पाहून तिचे स्वागत केले. तारणारा इतक्या उशिरा का आला आणि त्यापूर्वी होऊन गेलेल्यांचे काय, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेले हे एक महत्त्वाचे उत्तर आहे.

साष्टीतील पार्श्वभूमी

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यास पोहोचले आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः दक्षिण गोव्यातील साष्टी महालात धर्मकार्य केले. हा काळ तणावाचा होता. साष्टीतील अनेक देवळे १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे झालेल्या उठावात रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावकऱ्यांच्या नायकांना ठार करण्यात आले.

धर्मांतरित समाजाच्या घरातून जुनी पुराणे गेली होती, कारण ती बाळगण्यास व वाचण्यास बंदी होती. कीर्तन-पुराण ऐकत वाढलेल्या लोकांपाशी आता ऐकण्यासाठी काहीच उरले नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच्या निवेदनात हीच उणीव एका श्रोत्याच्या तोंडून मांडली आहे. पूर्वीच्या पुराणांना मनाई केली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, अशा आशयाची त्याची विनंती आहे. ग्रंथाचा जन्म या मागणीतून झाल्याचे कवी दाखवितो.

ज्या सत्तेने जुने ग्रंथ हिरावून घेतले, तिच्याच आश्रयाखाली हा नवा ग्रंथ लिहिला गेला, हे वास्तव ख्रिस्तपुराणाच्या वाचनात दुर्लक्षिता येत नाही. त्याच वेळी, श्रोत्यांना परक्या भाषेतील प्रश्नोत्तरांवर न ठेवता त्यांच्या स्वतःच्या काव्यप्रकारात धर्मकथा देण्याचा हा प्रयत्न होता, हेही तितकेच खरे आहे.

ग्रंथाची रचना

मूळ आवृत्तीचे पोर्तुगीज शीर्षक ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निवेदन’ अशा अर्थाचे होते. ‘आगमन’ हा शब्द ग्रंथाचे सूत्र सांगतो. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्या पुराणात ५९ अध्याय असून त्यांना ‘अवस्वरू’ असे नाव आहे. एकूण ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे.

पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन, जलप्रलय, कुलपती, मोशे, राजे आणि संदेष्टे यांचे कथन येते. या कथा सुट्या न राहता येणाऱ्या तारणाऱ्याकडे पाहत पुढे सरकतात. दुसरे पुराण मरियेच्या व येशूच्या चरित्राने त्या प्रतीक्षेला उत्तर देते. दोन्ही भाग मिळून एकच कथा होते. पहिल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही आणि दुसऱ्याशिवाय पहिले अपुरे राहते.

साष्टीच्या श्रोत्याच्या दृष्टीने या रचनेत एक अडचण होती. इस्राएलचा इतिहास हा दूरच्या, अनोळखी लोकांचा इतिहास होता. त्यांना दिलेले वचन कोकणातील शेतकऱ्याला का लागू व्हावे, हा प्रश्न स्वाभाविक होता. अब्राहामाला मिळालेले ‘सर्व कुळांसाठी’चे वचन हा या अडचणीवरील दुवा ठरतो. सृष्टीच्या आरंभापासून कथा सांगितल्यामुळे आदामाचे पतन सर्व मानवांचे ठरते आणि म्हणून सुटकेचे वचनही सर्वांचे ठरते.

भाषेच्या बाबतीत स्टीफन्स यांनी वैकुंठ, मुक्ती, मोक्ष, भवसागर यांसारखे परिचित शब्द स्वीकारून त्यांना ख्रिस्ती आशय दिला. प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले आहे की कवींच्या भाषेतील कठीण शब्द टाळून बोलीतील सोपे शब्द मराठीत मिसळले आहेत. मराठी भाषेला फुलांतील मोगरी व रत्नांतील हिरा अशा उपमा देऊन केलेली तिची स्तुती तर पाठ्यपुस्तकांमुळे सर्वत्र परिचित आहे. भारतीय लिपीत छपाई व्हावी अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. परंतु तसे खिळे उपलब्ध नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.

मराठी काव्यपरंपरेशी नाते

ख्रिस्तपुराणाने स्वीकारलेला ओवी छंद त्याच्या आधी चार शतकांहून अधिक काळ मराठीत रुळला होता. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे या परंपरेचे एक महत्त्वाचे स्थान आहे. आद्यकवी म्हणून गौरविले जाणारे मुकुंदराज यांची समाधी तेथे आहे. त्यांच्या ओवीबद्ध ‘विवेकसिंधू’चा परंपरागत रचनाकाळ शके १११० (इ.स. ११८८) मानला जातो.

अंबाजोगाईचेच संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) हे स्टीफन्स यांचे जवळजवळ समवयस्क. दासोपंतांनी ‘गीतार्णव’ या प्रचंड ग्रंथातून भगवद्गीतेचे विवरण ओव्यांत केले आणि कापडाच्या लांबलचक पासोडीवर वेदान्तविचार लिहून ठेवला. त्यांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी राशोलला ख्रिस्तपुराण छापून झाले. दोघांची श्रद्धा वेगळी, प्रदेश वेगळा, राजसत्ताही वेगळी. परंतु दोघांपुढील काम सारखे होते. मराठी श्रोत्याला न कळणाऱ्या भाषेतील पवित्र ग्रंथ त्याच्या कानाला रुचेल अशा ओवीत उतरविणे, हे ते काम होय. ओवी मुखोद्गत होते, समूहात म्हणता येते आणि वक्ता-श्रोता संवादाला सोयीची असते. ख्रिस्तपुराणातही श्रोते मध्येच प्रश्न विचारतात व निवेदक उत्तरे देतो.

अवतारकल्पना आणि वचनपूर्ती

मराठी श्रोत्याला ईश्वराचे आश्वासन ही कल्पना नवी नव्हती. धर्माला ग्लानी आली असता ईश्वर अवतार घेतो हे गीतेच्या चौथ्या अध्यायातील आश्वासन सर्वपरिचित आहे. पुराणांतही भविष्यकथन आढळते. विष्णुपुराणात कलियुगातील राजवंशांचे व कल्की अवताराचे वर्णन भविष्यकाळात येते.

तथापि दोन्ही कल्पनांची घडण वेगळी आहे. अवतार युगायुगांत पुनःपुन्हा होतात आणि काळ चक्राकार फिरतो. बायबलमध्ये काळ आरंभापासून अंताकडे सरळ जातो, आणि तारणाऱ्याचे मानवदेह धारण करणे एकदाच घडते. त्यामुळे बायबलमधील प्रतीक्षेला विशेष तीव्रता येते. जे एकदाच व्हायचे आहे, त्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहावी लागते. पुराण या प्रकाराचे नाव व रूप घेऊनही स्टीफन्स यांनी दोन पुराणांच्या मांडणीतून हा सरळ रेषेतील काळ जपला.

यहुदी वाचन

याच ग्रंथांचे यहुदी वाचन वेगळे आहे. यहुदी धर्म येशूला मसीहा मानत नाही. मसीहाच्या काळी अपेक्षित असलेली शांती व न्याय अद्याप प्रस्थापित झालेले नाहीत, हा त्याचा प्रमुख आक्षेप आहे. यशयाच्या सातव्या अध्यायातील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुणी’ असा होतो, तर प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ हा शब्द आला व मत्तयाने तोच घेतला. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवक म्हणजे ख्रिस्त असे ख्रिस्ती परंपरा मानते. अनेक यहुदी भाष्यकार त्याचा अर्थ इस्राएल राष्ट्र असा करतात.

महाराष्ट्रात ही परंपरा बेने इस्राएल समाजाने जपली आहे. कोकणातील या मराठीभाषक यहुदी समाजात एलीया संदेष्ट्याविषयी विशेष भक्ती आहे. मलाकीच्या ग्रंथानुसार एलीया मोठ्या दिवसापूर्वी परत येणार आहे. अलिबागजवळील खंडाळे येथे त्याने दर्शन दिल्याची या समाजाची श्रद्धा असून त्याच्या स्मरणार्थ मलिदा अर्पण करण्याची प्रथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली.

पूर्ण व्हावयाची वचने

ख्रिस्ती श्रद्धेनुसारही सर्व वचने पूर्ण झालेली नाहीत. ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान, न्यायाचा दिवस आणि नवे आकाश व नवी पृथ्वी यांची प्रतीक्षा अद्याप आहे. तारणाचा आरंभ झाला असून त्याची परिणती बाकी आहे, असे यासंबंधी सांगितले जाते. पुनरागमनाची तारीख वर्तविण्याचे प्रयत्न इतिहासात अनेकदा झाले व फसले. तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे शुभवर्तमानात स्पष्ट म्हटले आहे. नाताळापूर्वीचा आगमनकाळ ही प्रतीक्षा दरवर्षी जागवितो. त्या काळात संदेष्ट्यांचे उतारे उपासनेत वाचले जातात.

ग्रंथाचा पुढील प्रवास

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून व लोकांच्या मुखातून. गोव्याहून स्थलांतर करून मंगळूर परिसरात गेलेल्या ख्रिस्ती समाजात त्याचे वाचन चालू राहिले. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथून रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

वचनपूर्तीची ही कथा पुढेही मराठीत नव्याने सांगितली गेली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचा आरंभ केला आणि त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुढे नेले. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.