पार्सल ‘पोहोचले’, पण कोणाच्या दारी?

कापडाच्या धंद्यात एक जुना दंडक आहे. माल गोदामातून निघाला, टेंपोत चढला, नाका ओलांडून गेला, तरी व्यवहार पुरा होत नाही. घेणाऱ्याने गाठी मोजून घेतल्या, पावतीवर सही केली, म्हणजे मग माल पोहोचला. आम्ही तीसहून अधिक वर्षे याच दंडकावर व्यापार केला. परंतु मागील पावसाळ्यात साडेअठराशे रुपयांच्या एका लहानशा खोक्याने आम्हाला दाखवून दिले की, हल्ली ‘पोहोचले’ या शब्दाचा अर्थ बदलला आहे. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. कारण मीरा-भाईंदरमध्ये असा अनुभव आला नाही असे घर क्वचितच सापडेल.

आमचा भाचा मीरा रोडला नया नगरात राहतो आणि अभियांत्रिकीची पदविका करीत आहे. लहानपणापासून त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. जुना रेडिओ उघड, बिघडलेला पंखा जोड, असे त्याचे चाललेले असते. आमच्या ओळखीच्या भिवंडीच्या एका यंत्रमाग मालकासाठी त्याने एक छोटे यंत्र तयार करायला घेतले होते. मागाच्या क्रँकचा एक फेरा म्हणजे बाण्याचा एक धागा. त्या शाफ्टला लोहचुंबक लावायचे, शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवायचा आणि फेरे मोजायचे. कापडात एका इंचाला ५२ बाणे असतील तर ५२ फेऱ्यांत एक इंच कापड. माग मिनिटाला १५० फेरे घेत असेल आणि मध्ये बंद पडला नाही, तर तासाला ९,००० बाणे, म्हणजे सुमारे १७३ इंच किंवा ४.४ मीटर कापड झाले पाहिजे. प्रत्यक्षात किती झाले आणि माग किती वेळ उभा राहिला, हे त्या यंत्राने सांगायचे. मालकाने शब्द दिला होता, “एक नमुना चालवून दाखव, बाराची ऑर्डर देतो.” घरातल्या मुलाची ती पहिली कमाई होणार होती.

अशा कामाचे सुटे भाग पूर्वी एकाच ठिकाणी मिळत. ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानामागून दुकान पालथे घालायचे. आजही तो बाजार आहे. पण मीरा रोडहून जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो आणि मुलांना कॉलेज असते. इटलीत २००५ मध्ये आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड निघाला, २०१२ मध्ये इंग्लंडहून रास्पबेरी पाय आला. तेव्हापासून हा छंद साध्या घरातल्या मुलांच्याही आवाक्यात आला आहे. मोबाईलवर मागणी नोंदवावी आणि चार दिवसांत बोर्ड, सेन्सर, तारा घरी याव्यात, हीच आता रीत. भाच्यानेही तेच केले.

हकीकत अशी घडली

पाचव्या दिवशी दुपारी त्याच्या मोबाईलवर संदेश आला की, पार्सल पोहोचले. घरात पाहिले, काही नाही. शेजारी विचारले, वॉचमनला विचारले, काही नाही. कुरिअरच्या कार्यालयात फोन लावला तर उत्तर आले, “आमच्या नोंदीत पोहोचल्याचे दिसते.” कोणाच्या हाती दिले? “नोंदीत नाव नाही.” दुसऱ्या दिवशी तेच उत्तर, तिसऱ्या दिवशीही तेच. विक्रेत्याने कुरिअरकडे बोट दाखवले, कुरिअरने विक्रेत्याकडे.

शेवटी आम्ही स्वतः बिल मागवून पाहिले आणि चूक सापडली. भाच्याने पिनकोड लिहिताना ४०११०७ ऐवजी ४०११०५ लिहिला होता. पहिला आकडा मीरा रोडचा, दुसरा भाईंदर पूर्वेचा. आणि योगायोग असा की, भाईंदर पूर्वेला त्याच नावाची दुसरी इमारत आहे, तिलाही सी विंग आहे आणि तिच्यातही २०३ क्रमांकाची खोली आहे. म्हणजे चुकीची सुरुवात आमच्याच घरातून झाली, हे कबूल केले पाहिजे. परंतु पत्त्यात नया नगर स्पष्ट लिहिलेले होते. पार्सलवर मुलाचे पूर्ण नाव होते, मोबाईल क्रमांक होता. एक फोन केला असता तर सगळा घोळ तिथेच मिटला असता.

आम्ही भाईंदरला जायला निघालो तेव्हा बहिणीने आमचा हात धरला. म्हणाली, “भाईजान, पैसे गेले तर जाऊ द्या. आत तारा, सर्किट, वर आपल्या पोराचे नाव. अनोळखी इमारतीत जाऊन कोणाकोणाला समजावणार?”

तिच्या भीतीला आम्ही हसलो नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले, त्यांतला एक मीरा रोडचा. त्या दिवसानंतर बेवारस खोके दिसले की या शहरातला माणूस बिचकतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि आमच्या घरांत त्या भीतीवर आणखी एका भीतीचा थर असतो. तो काय आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

तरीही आम्ही गेलो. बिलाची प्रत खिशात घेतली, भाच्याला बरोबर घेतले आणि आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. २०३ चे कुटुंब गावी गेलेले होते. पार्सल वॉचमनकडे दिलेले होते. त्याने कोपरा फाटलेला पाहिला, आत तारा दिसल्या, तो घाबरला आणि ते खोके त्याने मागच्या पत्र्याखाली नेऊन ठेवले. दहा दिवस ते पावसाच्या झडीत भिजत होते.

सेक्रेटरी वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारले, “यात आहे तरी काय?” भाचा मान खाली घालून उभा राहिला. आम्ही त्याला म्हटले, “मान वर कर आणि सांग.” त्याने बिलातला एकेक नग वाचून दाखवला, हा बोर्ड, हा सेन्सर, हे चुंबक, आणि माग कसा मोजायचा तेही सांगितले. गृहस्थांनी लक्ष देऊन ऐकले. मग वॉचमनला म्हणाले, “अरे, नाव लिहिले आहे, नंबर लिहिला आहे. फोन का नाही केलास?” तो म्हणाला, “साहेब, देणारा म्हणाला, २०३ वाले येऊन नेतील.”

बोर्डावर गंज चढला होता. नवा माल मागवेपर्यंत आणखी आठवडा गेला. दरम्यान मालकाने दुसऱ्याकडून तयार मोजयंत्रे बसवून घेतली. त्याचेही चुकले असे म्हणता येत नाही. माग कोणासाठी थांबत नाहीत. साडेअठराशेच्या खोक्यापायी बाराची ऑर्डर गेली.

चूक होते कोठे?

आपल्या शहराची रचनाच अशी आहे की, पत्ता चुकायला वेळ लागत नाही. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र होऊन येथे नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. इमारती भराभर उठल्या आणि बिल्डरांनी त्याच त्याच नावांची पुनरावृत्ती केली. त्याच नावाची इमारत दोन सेक्टरांत, वर ए, बी, सी विंग. खुद्द ‘भाईंदर’ हे नावसुद्धा इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते.

त्यात आपली मंडळी पत्त्यात ‘मुंबई’ लिहितात. मुंबईचे पिनकोड ४०० ने सुरू होतात, आपले ४०१ ने. कोणी ‘ठाणे’ लिहितो, तर ठाणे शहराचे पिनकोडही ४०० नेच सुरू होतात. आपला जिल्हा ठाणे, पण टपालाचा गट वसई-पालघरच्या बाजूचा. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्याचे पार्सल फिरत राहते.

पिनकोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांतले पत्ते, यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिले तीन आकडे पत्र योग्य विभागात नेतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. त्यापुढे इमारत आणि दार शोधणे हे माणसाचेच काम राहते. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. दहा अक्षर-अंकांचा हा संकेत सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनापर्यंत नेमके ठिकाण सांगतो. पण एकावर एक असलेल्या सर्व मजल्यांचा डिजिपिन एकच. म्हणजे विंग आणि मजला लिहावाच लागणार.

पार्सल वाटणाऱ्या मुलांवर सगळा राग काढणेही आम्हाला पटत नाही. त्यांतली कितीतरी आपल्याच मोहल्ल्यातली आहेत. पुष्कळांना नगावर पैसे मिळतात. भर पावसात, लिफ्ट बंद असलेल्या इमारतींतून ती धावत असतात. वॉचमनकडे पार्सल टाकून ‘पोहोचले’ची नोंद करणे हा त्यांचा सुटकेचा मार्ग होऊन बसतो. दोष आहे तो सहीविना नोंद स्वीकारणाऱ्या पद्धतीचा. आमच्या धंद्यात गाठीवर मार्का असतो, नंबर असतो, आणि बिल्टी दाखविल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाला गाठ सोडत नाही. लाखाच्या मालाला जो नियम, तो हजाराच्या मालाला का नसावा?

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्यांनुसार विक्री करणाऱ्या प्रत्येक ऑनलाईन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असा नियम आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

व्यापारी बांधवांनी एक ध्यानात ठेवावे. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहकाचा हक्क लागत नाही. मात्र स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानले आहे. टपालाची गोष्ट आणखी वेगळी. १८९८ च्या कायद्याने पत्र वा पार्सल हरवले, चुकीच्या हाती गेले किंवा उशिरा पोहोचले तरी सरकार जबाबदार नव्हते, स्वतः हमी घेतली असेल तेवढेच अपवाद. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यानेही हे संरक्षण कायम ठेवले आहे. तेव्हा किमती माल पाठविण्याआधी भरपाईची अट विचारून घ्यावी.

आपण काय करावे?

पत्त्यात खोली, विंग, सोसायटीचे पाटीवरचे पूर्ण नाव, सेक्टर किंवा रस्ता, मीरा रोड पूर्व की भाईंदर पूर्व-पश्चिम, आणि पिनकोड दोनदा तपासून लिहावा. मोबाईल क्रमांक दोन द्यावेत. खूण म्हणून मशीद, शाळा, बँक लिहावी. आज आहे आणि उद्या नाही असे दुकान लिहू नये. ओटीपी सांगून माल घेण्याची सोय असेल तर ती घ्यावी, आणि खोके हातात येण्याआधी तो क्रमांक कोणाला सांगू नये. ‘पोहोचले’चा खोटा संदेश आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून सही, फोटो आणि ठिकाण मागावे. फोनवरचे बोलणे हवेत विरते, लेखी राहते. नया नगरातून आपल्या भगिनी घरबसल्या ड्रेस, बुरखे, अत्तर पाठवतात. त्यांनी आतही नाव-पत्त्याची चिठ्ठी टाकावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्सलवर आत काय आहे ते साध्या भाषेत लिहून घ्यावे.

आणि दुसऱ्याचे पारसल आपल्या दारी आले तर? ते उघडू नये. लिथियमचे सेल असल्या खोक्यात असतात, ते मुलांच्या हाती गेले तर आग लागू शकते. पण मुख्य गोष्ट ही की, ती अमानत आहे. रस्त्यात सापडलेल्या वस्तूला फिकहमध्ये लुकता म्हणतात, आणि मालक मिळावा म्हणून वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी असे हदीसमध्ये आले आहे. पार्सलवर तर मालकाचे नाव आणि मोबाईल क्रमांक छापलेला असतो. तिथे वर्ष कशाला, एक मिनिट पुरते.

भाच्याने नवे भाग आल्यावर यंत्र पुरे केले. मागील महिन्यात भिवंडीच्याच दुसऱ्या एका मालकाने दोन नग घेतले. ते पाठवताना त्याने आमच्याकडून मार्का लिहायचा ब्रश मागून घेतला आणि खोक्याच्या चारही बाजूंना ठळक अक्षरांत लिहिले, ‘यंत्रमागाचे मोजयंत्र’. खाली पत्ता, पिनकोड, दोन मोबाईल क्रमांक. मग म्हणाला, “मामू, पावतीवर मालकाची सही आणा.” आम्ही ती आणून दिली.