भयपटाचा ट्रेलर: भीती राखून ठेवण्याची कारागिरी

भयपटाचा ट्रेलर ही जाहिरातच असली तरी तिच्यापुढची अडचण इतर जाहिरातींच्या वाट्याला येत नाही. विनोदी चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दोन-चार चांगले विनोद आधीच ऐकवले तरी फारसे बिघडत नाही. भयपटातला दचका मात्र एकदा खर्ची पडला की चित्रपटगृहात तो तितक्याच जोराने बसत नाही. भीतीची विक्री तर करायची, पण माल हातचा जाऊ द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे. तो साधण्यासाठी ट्रेलरचे संकलक चित्रपटातल्या भीतीपेक्षा प्रेक्षकाच्या मनात आधीपासून साठलेल्या भीतीवर अधिक विसंबतात. अर्धवट उघडे दार, लांबलचक अंधारा बोळ, एकट्याने गुणगुणणारे लहान मूल, न्हाणीघरातल्या कपाटाचा मिटत जाणारा आरसा यांपैकी काहीही पडद्यावर आले की पुढे काय घडणार याचा अंदाज प्रेक्षक आपोआप बांधू लागतो, कारण असे चित्रपट त्याने पाहिलेले असतात. एखाद्या चित्रप्रकारात वारंवार वापरल्यामुळे ज्यांचा अर्थ ठरून गेला आहे अशा या खुणांना रूढ संकेत म्हणता येईल. समीक्षक त्यांना अनेकदा शिळेपणाचे लक्षण मानतात, परंतु ट्रेलरच्या बाबतीत हा निकाल टिकत नाही. दोन मिनिटांत पात्रांविषयी आपुलकी निर्माण करायला सवड नसते, आणि खूण ओळखीची असल्याखेरीज पुढच्या क्षणाची धास्तीही वाटत नाही.

या कारागिरीचे तीन जुने नमुने आजही अभ्यासण्याजोगे आहेत. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको' (1960) या चित्रपटाचा सुमारे साडेसहा मिनिटांचा ट्रेलर म्हणजे स्वतः दिग्दर्शकाने घडवलेली घटनास्थळाची सहल आहे. हिचकॉक एखाद्या गप्पिष्ट वाटाड्याप्रमाणे मोटेल आणि त्यामागचे घर दाखवत फिरतो, येथे काहीतरी भयंकर घडले असे सांगू लागतो आणि नेमक्या तपशिलापाशी येऊन वाक्य अर्धवट सोडतो. शेवटी तो न्हाणीघराचा पडदा बाजूला सारतो आणि एक स्त्री किंचाळताना दिसते. ती चित्रपटात तेथे मारली जाणारी जॅनेट ली नसून टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. म्हणजे चित्रपटातला सर्वांत मोठा धक्का जिथे बसतो ती जागा ट्रेलर बोट दाखवून सांगतो, आणि तो धक्का मात्र तसाच राखून ठेवतो. रिडली स्कॉटच्या 'एलियन'च्या (1979) ट्रेलरमध्ये संवाद जवळजवळ नाहीतच. भोंग्यासारखा चिरकत राहणारा एक आवाज आणि तुकड्यातुकड्यांनी येणारी दृश्ये एवढ्यावर तो उभा आहे. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'चा (1980) टीझर तर एकाच स्थिर दृश्याचा आहे: हॉटेलमधल्या लिफ्टची बंद दारे, त्यांवरून वर सरकणारी श्रेयनामावली, कानाला टोचणारे इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि मग दारांच्या फटीतून मंदगतीने लोटणारे रक्त. त्यात जॅक निकल्सन नाही, घटनाक्रम नाही, कथेचा धागाही नाही. कॅमेरा हलत नाही म्हणून प्रेक्षकाची नजर चौकटीत वेड्यासारखी काहीतरी शोधत राहते, आणि या शोधण्यातच सारा ताण आहे. भयपटाच्या ट्रेलरने याहून पुढे जाऊन फार काही साधले आहे असे म्हणणे कठीण आहे.

पुढे रूढ झालेला साचा मात्र इतका धाडसी नाही. सुखी कुटुंब नव्या घरात येते, किरकोळ विचित्र गोष्टी घडू लागतात, कोणीतरी त्या घराचा पूर्वेतिहास सांगते, दृश्यांचे तुकडे आखूड आखूड होत जातात, सगळे एकदम थांबते, नाव झळकते, आणि प्रेक्षक सैलावला असे वाटत असतानाच शेवटचा एक दचका बसतो. या साच्यातला सर्वांत जुना भाग म्हणजे खोटा दचका. झाक तूर्नरच्या 'कॅट पीपल'मध्ये (1942) रस्त्याने एकटी चाललेल्या स्त्रीचा कोणीतरी पाठलाग करत असल्याची भावना वाढत जाते आणि ऐन क्षणी हिंस्र पशूऐवजी एक बस फुत्कारत चौकटीत घुसते. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून अशा फसव्या धक्क्याला पुढे 'ल्यूटन बस' असेच म्हटले जाऊ लागले. ट्रेलरच्या दृष्टीने ही युक्ती फार सोयीची ठरते, कारण तिच्यामुळे दचका मिळतो आणि कथेतले काहीच उघड होत नाही.

तरीही ताणाचे खरे काम कानांवर चालते. स्वर आणि आवाज सतत चढत नेणाऱ्या ध्वनीला या व्यवसायात 'रायझर' म्हणतात. तो चढत जातो आणि शिखर गाठण्याच्या बेतात असताना तोडला जातो. त्यानंतरच्या शांततेत येणारा आघात प्रत्यक्षात जितका मोठा असतो त्याहून मोठा भासतो. रॉजर शेपर्ड या मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये मांडलेला एक श्रवणभ्रमही येथे उपयोगी पडतो: सप्तकांच्या अंतराने रचलेले अनेक स्वर एकत्र चढवत नेले आणि वरचे हळूहळू विरवत खालचे नवे मिसळत राहिले, तर आवाज कायम चढतोच आहे आणि कुठे पोहोचत नाही असे वाटते. वॉटरफोन हे रिचर्ड वॉटर्स या अमेरिकन कलावंताने घडवलेले वाद्यही याच कामाचे आहे. तळाशी थोडे पाणी असलेले धातूचे भांडे आणि त्याच्या कडेने उभ्या केलेल्या कांड्या अशी त्याची रचना असून, कांड्यांवरून गज फिरवला की पाण्याच्या हालचालीबरोबर स्वर डळमळतो. स्वराला स्थिर जागा न मिळणे हेच या सगळ्या साधनांचे समान सूत्र आहे.

जेम्स वॉनच्या 'द कॉन्ज्युरिंग'च्या (2013) प्रसिद्धीत टाळ्यांच्या लपंडावाचा खेळ केंद्रस्थानी होता. मुलांचा निरुपद्रवी खेळ आधी उजेडात समजावून दिला जातो; मग तळघराच्या जिन्यावर, काडीच्या उजेडात, आईच्या मानेमागून दोन हात येऊन टाळी वाजवतात. नियम प्रेक्षकाला आधीच शिकवून ठेवल्यामुळे धक्क्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. जॉर्डन पीलच्या 'अस'च्या (2019) ट्रेलरने हीच गोष्ट ओळखीच्या गाण्यावर केली. गाडीत कुटुंब ज्यावर डोलते ते लूनिझचे नव्वदीच्या दशकातले गाणे पुढे संथ आणि करडे होऊन परत येते; ते रूप इतके लागू पडले की चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातही त्याला जागा मिळाली.

अर्थात या संयमामागे केवळ कलादृष्टी नाही. अमेरिकेत सर्वसाधारण प्रेक्षकांपुढे दाखवायच्या ट्रेलरमध्ये रक्तपात आणि क्रौर्य किती दिसावे यावर बंधने आहेत, तेथील चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने 2014 मध्ये दोन मिनिटांची ऐच्छिक मर्यादा सुचवली, आणि भारतात चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरलाही सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. जखम दाखवता येत नसेल तर जखमेकडे पाहणारा चेहरा दाखवावा लागतो. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'च्या 2009 मधल्या ट्रेलरने ही कल्पना टोकाला नेली: काळोखात टिपलेले, खुर्चीत आक्रसून बसलेले प्रेक्षकच त्यात ठळकपणे दाखवले होते.

संकेत हे ज्या त्या प्रेक्षकाच्या अनुभवाचेच असतात, हे राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'वरून (2018) जाणवते. अखंड कोसळणारा कोकणी पाऊस, ओल धरलेला वाडा आणि बंद खोलीतली म्हातारी यांचा मराठी प्रेक्षकावर होणारा परिणाम अमेरिकन उपनगरातल्या लाकडी घराहून निराळा असतो; नारायण धारपांच्या कथा वाचलेल्यांना तर त्यातले काही आधीच ओळखीचे वाटते.

सर्वांत चलाख ट्रेलर या ओळखीचाच गैरफायदा घेतात. आरी आस्टरच्या 'हेरेडिटरी'च्या (2018) ट्रेलरने जिभेने टक् आवाज काढणाऱ्या लहान मुलीला इतके पुढे ठेवले की विचित्र मुलीच्या भयपटाचा परिचित साचा प्रेक्षकाने स्वतःच जुळवला. प्रत्यक्ष चित्रपट अर्ध्याच्या कितीतरी आधी तो साचा मोडून टाकतो. ही फसवणूक खरी, पण ती प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण धक्का चित्रपटासाठीच शिल्लक राहतो. 'लाँगलेग्स'च्या (2024) प्रसिद्धीत निकोलस केजसारखा ओळखीचा नट असूनही खलनायकाच्या भूमिकेतला त्याचा चेहरा झाकून ठेवला गेला, आणि तो पाहण्यासाठी प्रेक्षकांना तिकीट काढावे लागले.