इपॉक्सी हाताला चिकटली तर?

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते. अशा पवनचक्क्यांच्या पात्यांच्या घडणीत काचतंतूंच्या जोडीला बहुधा इपॉक्सी हे रेझिन असते. घरातल्या अ‍ॅराल्डाइटची जातकुळी तीच.

ओली इपॉक्सी कातडीला लागली, तर आधी कोरड्या कागदाने टिपावी, मग साबण आणि पाण्याने धुवावी. थिनर किंवा अ‍ॅसिटोन हाताला लावूच नये. त्याने त्वचेतले तेल निघून जाते आणि पातळ झालेले रेझिन आत मुरते. एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर सुटत नाही. म्हणून नायट्राइलचे हातमोजे आधीच चढवावेत. डोळ्यात थेंब गेला, तर १५ मिनिटे पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठावा.

अ‍ॅसिटोन हत्यारांसाठी, तेही रेझिन ओले असेपर्यंत. मोकळ्या हवेत, विडी-शेगडीपासून लांब. वाळलेला थर खरवडावा, घासताना मास्क लावावा.

तापमान १० अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. धुळ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थोडे थोडेच कालवावे. डब्यात साचलेले जास्तीचे मिश्रण तापून धुरावू शकते. ते पत्र्यावर पातळ पसरावे आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाकावे.