प्रेस-ऑन नखं: काळजी नेमकी कशाची करायची?

घरात लहान मूल असेल आणि नखांचा विषय निघाला, की दोन प्रकारचं बोलणं कानावर येतं. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, ‘लेकरू अंगावर पितंय आणि कसली नखं वाढवतेस?’ मोबाइलवरच्या रील्स सांगतात, ‘प्रेस-ऑन एकदम सेफ, नखांना काहीच होत नाही.’ या विषयात खरी काळजी घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: गोंद, लांबी आणि नख काढण्याची पद्धत. त्यांच्याबद्दल मात्र दोन्हीकडे फारसं बोललं जात नाही.

प्रेस-ऑन म्हणजे आधीच आकार दिलेली, रंगवलेली तयार नखं. बहुतेक पाकिटांतली नखं एबीएस नावाच्या प्लास्टिकची असतात. पारदर्शक दुहेरी चिकट टॅब किंवा नेल ग्लू वापरून ती आपल्या नखावर बसवायची. पार्लरमध्ये एक्सटेन्शन करायचं तर दीड-दोन तास एका जागी बसावं लागतं, शिवाय दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायला जायचं. तेवढा वेळ मूल कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न ज्यांना रोज पडतो त्यांना माहीत आहे की खर्चापेक्षा हीच अडचण मोठी असते. प्रेस-ऑन मूल झोपल्यावर वीसेक मिनिटांत लावता येतात आणि समारंभ आटोपला की काढून ठेवता येतात. बारसं, केळवण, भावाचं लग्न अशा दोन दिवसांच्या हौसेसाठी ही शहाणपणाची निवड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आईपण आलं म्हणून हौस गुंडाळून ठेवायचं काहीच कारण नाही. फक्त माहिती नीट हवी.

‘नखांना श्वास घेऊ द्यावा लागतो’

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. आपल्याला दिसणारा नखाचा कडक भाग केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. तो श्वास घेत नाही. नख जिथे तयार होतं ते मूळ कातडीखाली असतं आणि त्याला लागणारा प्राणवायू व पोषण रक्तातून मिळतं. वरून काही चिकटवल्याने नख गुदमरत नाही.

तरीही दोन सेटच्या मध्ये थोडे दिवस मोकळे ठेवणं चांगलं, पण त्याचं कारण वेगळं आहे. चिकटवताना आणि काढताना नखाच्या वरच्या थरांना जो त्रास होतो, तो किती झालाय हे उघड्या नखावर दिसतं. पांढरे खरखरीत डाग, पापुद्रे, टोकाला भेगा दिसल्या तर पुढचा सेट लांबवावा.

‘पार्लरची नखं नखं खराब करतात, प्रेस-ऑन नाही’

हे अर्धंच खरं आहे. पार्लरमध्ये नखाचा पृष्ठभाग मशीनने जास्त घासला गेला तर नख पातळ होतं. प्रेस-ऑनमध्ये तसं घासणं नसतं किंवा अगदी हलकं असतं. पण नख घाईने उपटून काढलं, तर त्याच्यासोबत आपल्या नखाचे थरही निघून येतात. मुलाला शाळेत सोडायचं आहे, एक नख अर्धवट सुटलंय, ते दाराच्या कडीत अडकतंय, म्हणून खेचून टाकलं, असंच बहुतेकदा होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे मुळाशी झालेली इजा पूर्ण पुढे सरकून कापली जायला चार ते सहा महिने लागतात.

टॅबवर बसवलेली नखं कोमट साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावीत, कडेला तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि लाकडी काडीने बाजूने हळूहळू उचलावीत. नख हलत नसेल तर पुन्हा पाण्यात. ग्लूने बसवलेली कोमट पाण्यात बराच वेळ ठेवल्यावर सैल होतात, नाहीतर ॲसिटोन लागतं. ॲसिटोन एबीएस प्लास्टिकही विरघळवतं, त्यामुळे तो सेट पुन्हा वापरता येत नाही. सेट जपून परत वापरायचा असेल तर सुरुवातच टॅबने करावी.

‘टॅब म्हणजे खेळणं, टिकायचं तर ग्लूच हवा’

टिकण्याचा हिशेब घरातल्या कामावर ठरतो. टॅबला पाणी, उष्णता आणि तेल सोसत नाही. बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, गरम उकड मळणाऱ्या हातावर टॅब दिवसभरही टिकेल याची खात्री नाही. एरवी एक-दोन दिवस निभावतो. ग्लू नीट बसला तर आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त जातो. पण ज्या घरात रोज भाकऱ्या थापल्या जातात, तिथे आठवडाभर नखं चिकटलेली हवीत का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. माझं उत्तर ‘नको’ असं आहे. कणीक कडेला अडकते, हळद फिक्या रंगाच्या नखांवर पिवळी चढते आणि शेवटी नख सुटतं ते नेमकं पिठात. लहान मुलाच्या घरासाठी टॅबचा अल्प टिकाऊपणा हा गुणच आहे.

माप बिनचूक हवं. तयार नखाची कड आपल्या नखाच्या दोन्ही बाजूंना पोचली पाहिजे, पण कातडीवर चढता कामा नये. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घेऊन बाजू कानशीने घासाव्यात. लहान नख दाबून बसवलं तर आपल्या नखावर ताण येतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, तेल-क्रीम पुसून काढावं आणि मगच नखं लावावीत.

एखादं नख कडेने उचललं गेलं, तर वरून आणखी ग्लू ओतून ते बसवू नये. आत पाणी साचतं आणि त्या ओलाव्यात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात. नखावर हिरवट डाग दिसतो तो बहुतेकदा यांचाच. पुष्कळ जण त्याला बुरशी समजून घरगुती मलम चोळत बसतात. कृत्रिम नख काढावं, जागा कोरडी ठेवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

ग्लूची बाटली

या लेखातला हा भाग कृपया सावकाश वाचा.

नेल ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, फेविक्विकच्याच कुटुंबातला गोंद. अमेरिकेत कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या हॅरी कूव्हर यांच्या हाती तो १९४२मध्ये लागला आणि १९५८मध्ये बाजारात आला. याच कुटुंबातले खास बनवलेले गोंद जखमा बंद करायलाही वापरतात. त्यामुळे ‘हे काही विष नाही’ असा निर्धास्तपणा येतो. त्यातूनच ‘नेल ग्लू संपला तर फेविक्विक लाव, एकच आहे’ असा सल्लाही मिळतो. तो ऐकू नये. कुटुंब एक असलं तरी घरगुती गोंद नखावर, कातडीला लागून वापरण्यासाठी बनवलेला नसतो.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे हा गोंद सुती कापडावर सांडला की झपाट्याने घट्ट होतो आणि त्या क्रियेत प्रचंड उष्णता निर्माण होते. नेल ग्लू सुती कपड्यांवर सांडून लहान मुलांना खोलवर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे बाळाचं झबलं, दुपटं, लंगोट सगळं सुती असतं. म्हणून मूल मांडीवर किंवा शेजारी असताना ग्लू उघडू नये आणि सांडलेला ग्लू कापसाच्या बोळ्याने पुसू नये. कपड्यावर सांडलाच तर लगेच भरपूर थंड पाणी ओतावं. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढून काढू नये, तसंच डॉक्टरांकडे न्यावं.

दुसरा धोका बाटलीच्या आकाराचा. नेल ग्लूची छोटी बाटली डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसारखी दिसते आणि चुकून डोळ्यात ग्लू टाकल्याच्या नोंदी जगभर आहेत. असं झालं तर डोळा भरपूर पाण्याने धुवावा, पापण्या बळाने उघडू नयेत, ॲसिटोन जवळही आणू नये आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा.

तिसरी गोष्ट नखं काढायच्या द्रवाची. साधं ॲसिटोनही मुलाच्या पोटात जाणं वाईटच, पण कृत्रिम नखं काढण्याच्या काही जुन्या द्रवांत ॲसिटोनायट्राइल असायचं. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं सायनाइड होतं. असा द्रव पिऊन अमेरिकेत एक लहान मूल दगावल्याची नोंद १९८८मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत या रसायनावर बंदी आहे. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊच नये. ॲसिटोनायट्राइलच्या विषबाधेची लक्षणं काही तासांनी दिसतात, त्यामुळे ‘पोरगं खेळतंय की’ म्हणून वाट पाहू नये. उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावं, गरज पडल्यास १०८ला फोन करावा.

‘हात स्वच्छ धुतले की झालं’

घरातल्या आजीचा आक्षेप इथे बऱ्याच अंशी बरोबर आहे. बोटांवरचे बहुतेक जंतू नखाखालच्या जागेत असतात आणि लांब नखाखालून ते धुऊन निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांना हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःची नखंही अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत, असं सांगितलं आहे. त्यामागे कटू अनुभव आहेत. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये १९९७-९८ या काळात नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासचा संसर्ग पसरला. ४६ बाळांना तो झाला आणि १६ दगावली. तपासात दोन परिचारिकांशी संबंध आढळला. एकीची स्वतःची नखं लांब होती, दुसरीची कृत्रिम. संशोधकांनी हा निर्णायक पुरावा मानला नाही, पण नखांचा वाटा असू शकतो असं नोंदवलं.

घर म्हणजे अतिदक्षता विभाग नव्हे, हे खरं. तरी नवजात, विशेषतः कमी दिवसांचं बाळ घरी असेल तर पहिले काही महिने कृत्रिम नखं नकोत, हे मी ठामपणे सांगेन. त्यानंतर हौस करायची तर बोटाच्या टोकाबरोबर संपणारी, गोलसर कडेची नखं घ्यावीत. टोकदार नखांनी बाळाची कातडी सहज ओरबाडली जाते. मूल रांगायला लागलं की आणखी एक काम वाढतं: रात्री झोपताना नखं मोजायची. एखादं कमी असेल तर ते गादीत किंवा फरशीवर आहे आणि रांगतं मूल दिसेल ते तोंडात घालतं.

आईचं बघून मुलगीही हट्ट करते. वस्तू तोंडात घालायचं वय संपेपर्यंत तिला नखं देऊच नयेत. नंतर समारंभापुरती टॅबवरची चालतील, ग्लू मात्र लहान मुलाच्या बोटाला कधीच नको.

‘जेल नाही, म्हणजे ॲलर्जी नाही’

टॅबवरच्या साध्या प्रेस-ऑनमुळे ॲलर्जी होण्याची शक्यता कमी असते, हे मान्य. पण काही किट प्रेस-ऑन म्हणून विकली जातात आणि आत जेलची बाटली व छोटा दिवा असतो. तो मामला वेगळा आहे. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या ॲक्रिलेट वर्गातल्या रसायनांची ॲलर्जी जडू शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या काही फिलिंगमध्ये याच वर्गातली रसायनं असल्याने पुढे तिथेही अडचण येते. यातलं हेमा हे रसायन युरोपीय संघाने नखांच्या बाबतीत फक्त व्यावसायिकांच्या हाती ठेवलं आहे आणि जेल सुकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५पासून बंदी घातली आहे. नखांच्या प्रसाधनांची ॲलर्जी बऱ्याचदा बोटांऐवजी पापण्यांवर किंवा मानेवर उमटते, त्यामुळे कारण लवकर सापडत नाही. पापण्यांना खाज सुटली तर डॉक्टरांना नखांबद्दल आवर्जून सांगावं. आणि सिझेरियन किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर नखं आदल्या दिवशी काढावीत, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांना नखांचा मूळ रंग दिसावा लागतो आणि बोटावर ऑक्सिमीटर नीट बसावा लागतो.

ड्रेसिंग टेबलच्या खालच्या खणात नेल ग्लू किंवा रिमूव्हर असेल, तर आज रात्री तो तिथून उचला. मुलाचा हात पोचणार नाही अशा कुलुपाच्या कपाटात ठेवा, आणि डोळ्यांच्या थेंबांच्या शेजारी मुळीच नको.