टर्बोचार्जरसाठीं इंजिनाची निवड

मोटारीला टर्बोचार्जर जोडून तिचा जोर वाढविण्याची हौस ज्यांना असते, ते बहुधा प्रथम टर्बोची किंमत विचारतात. श्रोतेहो, खरा खर्च तेथें नसतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगानें एक चक्र फिरतें आणि त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें. एवढेंच या यंत्राचें काम. वापरलेला टर्बो जुन्या बाजारांतहि मिळतो. प्रश्न असा कीं, ही जादा हवा आणि तिच्याबरोबरचें जादा पेट्रोल ज्याच्या पोटांत जाणार, त्याला तें पचेल काय?

येथें कॉम्प्रेशनचें प्रमाण पाहावें लागतें. पिस्टन वर येतांना आंतील मिश्रण जितक्या पटीनें दाबलें जातें, तें हें प्रमाण. टर्बोंतून येणारी हवा आधींच दाबलेली व तापलेली असते; ती पुन्हां दहापट दाबली, तर ज्वाळा पोहोंचण्यापूर्वींच शेवटचें मिश्रण आपोआप भडकतें. इंजिन ठोकूं लागतें, आणि मग पिस्टनला भोंक पडावयास फार वेळ लागत नाहीं.

१९६२ सालीं अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें दोन टर्बो-गाड्या विक्रीस काढल्या. ओल्ड्समोबील जेटफायरमध्यें १०.२५ हें उंच प्रमाण तसेंच ठेवलें आणि ठोका टाळण्यासाठीं पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण इंजिनांत सोडण्याची योजना केली. पण त्या मिश्रणाची टाकी भरण्याची आठवण पुष्कळ मालकांना राहीना! ही गाडी १९६३ नंतर निघाली नाहीं. शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्यें मात्र प्रमाण ८ वर उतरविलें व आंतील भाग बळकट केले. तिचा टर्बो-प्रकार १९६६ पर्यंत चालला.

म्हणून ज्याला थोडक्या पैशांत काम करावयाचें आहे, त्यानें ज्याचें टर्बो-रूप खुद्द कारखान्यानेंच काढलें आहे, असें इंजिन शोधावें. स्वीडनच्या व्हॉल्व्होचें २.३ लिटरचें बी-२३० हें याचें उत्तम उदाहरण. त्याचा ठोकळा लोखंडी. आणि टर्बो, त्याची बैठक, तेलाच्या नळ्या हें सर्व भंगारांतील टर्बो-गाडीवरून उतरवून साध्या इंजिनावर बसवितां येतें. परंतु साध्या बी-२३०-एफचें प्रमाण ९.८, तर टर्बोवाल्याचें ८.७ आहे, हें विसरूं नये. साध्यावर हवेचा जादा दाब अर्ध्या वातावरणाच्या आंतच ठेवणें शहाणपणाचें. शिवाय १९९० पूर्वींच्या इंजिनांत पिस्टनचे दांडे बारीक आहेत, तीं टाळावींत. पेट्रोलच्या पिचकाऱ्याहि टर्बोवाल्याच्याच लागतात, नाहींतर हवा जादा आणि इंधन अपुरें, अशी घातक स्थिति होते. हा सारा हिशेब केला म्हणजे मला तर संबंध टर्बो-इंजिनच आणणें सोपें वाटतें.

कोणतेंहि जुनें इंजिन घेण्यापूर्वीं प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें मोजून घ्यावा. चारांपैकीं एकाचा आंकडा इतरांहून बराच खालीं आला, तर किंमत कितीहि उतरवून सांगितली तरी तें इंजिन विकणाऱ्याच्याच दारांत ठेवून यावें.